होरीची कर्जफाईल

प्रेमचंदांच्या 'गोदान' कादंबरीतल्या होरीच्या दारात गाय येते, त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. मंगरू साहूकडून बैलासाठी साठ रुपये घेतलेले. पाच वर्षांत साठ फेडले तरी साठ जागच्या जागी. दातादीन पंडिताकडून तीस रुपये घेऊन बटाटे लावले. बटाटे चोरांनी उकरून नेले आणि तिसाचे तीन वर्षांत शंभर झाले. भाऊ वेगळे निघाले तेव्हा त्यांना द्यायला दुकानवाल्या दुलारीकडून चाळीस घेतले. तेही शंभराला टेकलेले. वर जमीनदाराच्या खंडाचे पंचवीस बाकी. प्रेमचंद सुरुवातीच्या प्रकरणांतच हे सगळं एका दमात सांगून मोकळे होतात.

साहित्याचा विद्यार्थी तिथे फारसा रेंगाळत नसावा. मी रेंगाळले, कारण माझी सगळी नोकरी अशा याद्या करण्यात गेली. पेन्सिल घेतली आणि समासात आकडेमोड केली. दुलारीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा. म्हणजे महिन्याला शेकडा सव्वासहा, वर्षाला पंचाहत्तर. या दरानं चाळिसाचे शंभर व्हायला सरळव्याजानं बरोबर दोन वर्षं लागतात. तोच दर दातादीनच्या तिसाला लावला की तीन वर्षांअखेर साडेसत्त्याण्णव येतात. वरचे अडीच रुपये पंडितानं सुट्ट्यांची कटकट नको म्हणून धरले असणार. मंगरू साहू त्या मानानं सज्जन माणूस. साठावर पाच वर्षांत साठ खाल्ले, म्हणजे सालाला शेकडा वीस पडले.

हिशेब जुळतो म्हटल्यावर माझा लेखकावर विश्वास बसला. ज्याला व्याजाचे आकडे इतके अचूक टाकता येतात, त्यानं ते कुणाच्या तरी अंगणात उभं राहून ऐकलेले असतात. प्रेमचंदांचं स्वतःचंही काही वेगळं नव्हतं. बनारसचा छापखाना आणि 'हंस', 'जागरण' ही नियतकालिकं तोट्यात चाललेली. त्या ओढाताणीपायीच 1934 मध्ये ते सिनेमाच्या नोकरीसाठी मुंबईला आले. ते जग काही मानवलं नाही, पुढच्याच वर्षी परत गेले. 'गोदान' 1936 मध्ये छापून आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गेले.

मी ती वाचली ती बाराबंकी जिल्ह्यात. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडून राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागले होते. नगर जिल्ह्यातली खेडी पालथी घालून झाली, बढती मिळाली आणि बदलीच्या ऑर्डरीत अवधमधली एक ग्रामीण शाखा आली. लखनौहून तासाभराच्या अंतरावर. घरच्यांनी नकाशा काढून पाहिला. मी चारबाग स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून 'गोदान' घेतली, त्यात साहित्यप्रेमाचा भाग थोडाच होता. ज्या लोकांना कर्ज द्यायचं त्यांची बोली कानाला लागावी, एवढाच हिशेब. होरीचं गाव बेलारी अवधमधलंच, पण जिल्हा कुठला ते सांगायची गरज नाही असं लेखक सुरुवातीलाच बजावून टाकतो. माझ्या शाखेतल्या शिपायाचं ठाम मत होतं की तो आमचाच जिल्हा. उन्नावमध्येही कुणीतरी असंच म्हणत असणार.

त्या भागात तेव्हा पिपरमिंटचा जोर होता. मार्चच्या आगेमागे लागण, जूनमध्ये कापणी, आणि मग गावोगाव टाक्यांमधून तेल काढायची लगबग. वाऱ्याबरोबर सगळ्या शिवारात तो गारेगार वास. तेल लगेच विकायचं नाही, डब्यात भरून माळ्यावर ठेवायचं, भाव आला किंवा घरात लग्न निघालं की काढायचं. बँकेच्या कागदावर मात्र ही सगळी जमीन गहू-भाताखाली. पीककर्जाच्या अर्जात 'उद्देश' नावाचा एक रकाना असतो. माझ्या मते सबंध बँकिंगमध्ये याच्याइतकी काल्पनिक साहित्याला वाहिलेली जागा दुसरी नाही.

होरीची कर्जं या रकान्यात बसवून पाहा. गाय भोला गवळ्याकडून ऐंशी रुपयांना उधार. हे ठीक, दुधाळ जनावर. पुढे त्या गाईला सख्खा भाऊ हिरा विष घालतो आणि पळून जातो. फौजदार गावात येतो, हिराच्या घराची झडती घेईन म्हणतो. भावाच्या घराची झडती म्हणजे आपल्याच तोंडाला काळं, म्हणून त्याला द्यायला होरी सावकार झिंगुरीसिंगकडून तीस रुपये उचलतो. उद्देश काय लिहिणार? मग मुलगा गोबर भोलाच्या विधवा मुलीला, झुनियाला, दिवस गेल्यावर घरी आणून सोडतो आणि स्वतः लखनौला पळतो. होरीची बायको धनिया त्या पोरीला घरात घेते. पंचायत शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य दंड ठोकते. होरी खळ्यावरचं धान्य डोक्यावर वाहून पंचांच्या दारात टाकतो आणि रोख रकमेसाठी राहतं घर ऐंशी रुपयांत गहाण ठेवतो. मग मुलींची लग्नं. यातलं एकही कर्ज चैनीचं नाही आणि पहिली दोन-चार सोडली तर शेतीचंही नाही. गावात मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी माणूस पैसे उचलत राहतो. आमची पुस्तकं याला 'अनुत्पादक' म्हणायची. 2012 मध्ये किसान क्रेडिट कार्डाचे नियम बदलले तेव्हा मर्यादेच्या दहा टक्के रक्कम घरखर्चासाठी धरायला अधिकृत मान्यता आली. प्रेमचंदांनंतर शहात्तर वर्षांनी का होईना, रकाना थोडा रुंद झाला.

गाईच्या मरणावरून एक आठवलं. जनावराच्या कर्जात विमा असतो, कानात बिल्ला मारतात. दावा करायचा तर तो बिल्ला आणि डॉक्टरचा शवविच्छेदनाचा दाखला लागतो. एकदा तपासणीला गेले, तीन घरांत तीन म्हशी दाखवल्या गेल्या. तिघींच्या उजव्या शिंगाचं टोक सारखंच तुटलेलं. मी पुढच्या घरी चहाला थांबायचे तेवढ्या वेळात मागच्या गल्लीतून ती बिचारी पुढे आणली जात होती. तिसऱ्या घरी तर धापा टाकत होती. होरीची गाय खरी होती, अंगणात बांधलेली, आख्ख्या गावानं पाहिलेली. पण तिचा दावा मीही मंजूर करू शकले नसते. हिराला गाईजवळ पाहिलेलं असूनही होरी पाहिलं नाही म्हणून चारचौघांत पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतो. मालकाच्याच जबानीवर फाईल बंद.

बाई असल्याचा मला त्या नोकरीत एक फायदा झाला. पुरुष अधिकाऱ्यांना बाजेवर बसवून बाहेरच्या बाहेर वाटेला लावत. मला आत बोलावत. चुलीपुढे पिढ्यावर बसलं की घराचा दुसरा ताळेबंद कळायचा. बाहेर मालकानं सांगितलेलं असायचं, "मैडम, आपके बैंक के सिवा किसी का एक पैसा नहीं." आत त्याची बायको भाकरी थापता थापता सांगायची: खतवाल्याचे इतके, सोनाराकडे पैंजण, नणंदेच्या लग्नातले अमक्याचे इतके, आणि तमक्याकडून घेतलेले तर यांना वाटतं मला माहीतच नाही. तारखेसकट सांगायची. अर्जात 'इतर देणी' या रकान्यात नवऱ्यानं 'निरंक' लिहून अंगठा दिलेला असायचा.

त्यामुळे 'गोदान' वाचताना माझं लक्ष होरीपेक्षा धनियावर जास्त राहिलं. फौजदाराला द्यायचे पैसे होरी अंगोछ्यात बांधून निघतो तेव्हा तीच हिसकावते आणि सगळ्यांसमोर उधळून टाकते. दंडाचं धान्य घेऊन तो निघतो तेव्हा पोरांच्या तोंडचा घास कुणाला नेऊन घालतोस म्हणून तीच आडवी येते. समीक्षक तिला तेजस्वी वगैरे म्हणतात. माझ्या दृष्टीनं त्या घरातली ती एकमेव लेखापरीक्षक आहे, आणि लेखापरीक्षकाचं कुठे कोण ऐकतं!

होळीचा प्रसंग मी पुढे आमच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायला वापरला. गोबर शहरातून पैसे कमावून परत आलेला, त्याच्या दारात पोरं सोंग काढतात. ठाकूर दहा रुपयांचा कागद करून घेतो आणि शेतकऱ्याच्या हातात पाच टेकवतो. एक नजराण्याचा, एक लिहिणावळीचा, एक कागदाचा, एक दस्तुरीचा, एक व्याजाचा कापला. शेतकरी म्हणतो, मग हे पाचही ठेवा: धाकट्या ठकुराईनचा नजराणा आणि विडा, थोरलीचा नजराणा आणि विडा, आणि उरलेला एक तुमच्या दिवसकार्याला. नवे अधिकारी खळखळून हसतात. हसणं ओसरलं की मी फळ्यावर पन्नास हजारांचं पीककर्ज मांडायला सांगते. खतौनीची नक्कल, म्हणजे आपला सातबारा. पॅनेलवरच्या वकिलाचा बारा वर्षांचा शोध अहवाल. मुद्रांक. फोटो. पीकविम्याचा हप्ता, जो तेव्हा कर्जदाराला सक्तीचा होता आणि परस्पर कापला जायचा. हे सगळं पावतीनिशी, नियमात. मग कुणीतरी मागच्या बाकावरून हळूच म्हणतं, "मॅडम, आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्याचे?" प्रत्येक शाखेबाहेर तो बसलेला असतो. फॉर्म भरून देतो, साहेबांशी ओळख असल्याचं सांगतो, आणि बहुतेक वेळा साहेबाला त्याचं नावही ठाऊक नसतं. फळ्यावर त्याची ओळ लिहून झाली की वर्गात हसू उरत नाही.

साखर कारखान्याच्या फाटकावरचं प्रकरण तर आमच्या व्यवसायाच्या फारच जवळचं. ऊस घातल्यावर होरीला एकशेवीस रुपये मिळतात. झिंगुरीसिंग आधीच कारखान्याशी संधान बांधून फाटकावर बसलेला. तो आपलं व्याजासकट कापून पंचवीसेक रुपये होरीच्या हातात ठेवतो. बाहेर पडतो तोच जमीनदाराचा कारभारी नोखेराम गाठतो आणि तेही काढून घेतो. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्याकडे उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली कापूनच उरलेली रक्कम खात्यावर पडते, आणि बँकवाले या व्यवस्थेचं कौतुक करतात, मीही करते. कारखान्याशी करार असला की कर्ज बुडत नाही. झिंगुरीसिंगालाही तेच तर हवं होतं. फरक व्याजाच्या दराचा आहे आणि तो फार मोठा आहे, पण फाटकावरून मोकळ्या हातानं घरी जाणाऱ्याला त्या दिवशी तो फरक जाणवत असेल असं मला वाटत नाही.

आता 2008 चं सांगते. त्या वर्षी 29 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात केंद्राची कर्जमाफी जाहीर झाली. अट अशी: कर्ज 31 मार्च 2007 पर्यंत दिलेलं, 31 डिसेंबरला थकीत झालेलं आणि फेब्रुवारीअखेर न भरलेलं. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याची अशी थकबाकी पूर्ण माफ, त्यावरच्यांना एकरकमी भरण्यात पंचवीस टक्क्यांची सवलत. जूनअखेरपर्यंत याद्या शाखेत लावायच्या होत्या. आम्ही रात्र रात्र जागून त्या केल्या आणि चिकटवल्या.

गर्दीत एक म्हातारे चाचा होते. त्यांना वाचता येत नव्हतं, शेजारच्या पोराकडून दोनदा सगळी यादी वाचून घेतली आणि मग माझ्या टेबलाशी आले. त्यांचं कर्ज डिसेंबरात थकलं होतं. जानेवारीत आमची वसुलीची जीप गावात गेली, तेव्हा त्यांचा शेजारी मोहरीच्या शेतात शिरून बसला. मोहरी तेव्हा पुरुषभर उंच असते, पिवळ्या फुलांत माणूस दिसत नाही. चाचा मात्र ओट्यावर बसून राहिले, आम्हाला पाणी दिलं, आणि आठवड्याच्या आत येऊन पै न पै भरून गेले. पैसे आणले होते सोनाराकडून, बायकोची चांदीची हँसुली ठेवून, महिना शेकडा तीननं. बँकेचं कर्ज सवलतीच्या सात टक्क्यांचं. ते फेडायला सालाचे छत्तीस. यादीत शेजाऱ्याचं नाव पहिल्याच पानावर होतं.

मी त्यांना तारखा समजावून सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सोनार का तौ अबहीं बाकी है बिटिया. उहै माफ कराय देव."

विनोद करत होते की मनापासून विचारत होते, हे मला चेहऱ्यावरून कळेना. त्यांना नवं कर्ज लगेच करून दिलं, त्यातून हँसुली सुटली. उद्देश: गहू.

दातादीन आणि गोबरचं भांडण मला त्यानंतर नीट कळलं. तिसाचे आता दोनशे झाले आहेत, असं पंडित सांगतो. शहर पाहून आलेला गोबर शेकडा रुपयाच्या दरानं हिशेब मांडतो आणि सत्तर रुपये घ्या नाहीतर कोर्टात जा म्हणतो. पंडित कोर्टातही जाणार नाही म्हणतो. ब्राह्मणाचा पैसा पचत नाही, एवढंच ऐकवून उठतो, आणि होरी धावत जाऊन त्याचे पाय धरतो, दोनशेच्या दोनशे फेडायचं कबूल करतो. वाचताना गोबरच्या बाजूनं हात शिवशिवतात. पण कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीतून पाहिलं तर होरीसारखं गिऱ्हाईक शोधून सापडत नाही. पत ठरवताना आम्ही माणसाची नियत, कुवत आणि भांडवल पाहतो. होरीकडे पहिली तेवढी आहे, आणि सगळं गाव फक्त तिच्यावर त्याला कर्ज देतं. झिंगुरीसिंग, दातादीन, दुलारी यांच्यापैकी कुणालाही शेत विकत घ्यायची घाई नाही. हा माणूस नाही म्हणणार नाही, हेच त्यांचं तारण. माफीच्या यादीत होरी आला नसता. बँकेचे पैसे त्यानं जानेवारीतच दुलारीकडून आणून भरले असते.

आमच्याकडे याला 'नवं-जुनं' म्हणतात. मार्चअखेरीला चार दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे उचलायचे, बँकेत भरायचे, खातं स्वच्छ झालं की तेच परत काढायचे. तिकडे त्याला 'पलटी' म्हणायचे. शाखेची वसुली शंभर टक्के दिसते, प्रादेशिक कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र येतं, आणि चार दिवसांचं व्याज कुणाच्या खिशात गेलं ते कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

कादंबरीतला शहराचा भाग बऱ्याच जणांना जड जातो. त्यातल्या प्रोफेसर मेहतांची भाषणं मीही दुसऱ्या वाचनात उलटून टाकली. पण रायसाहेब आणि खन्ना सोडू नयेत. रायसाहेब होरीचे जमीनदार, गळ्यापर्यंत कर्जात. खन्ना एका बँकेचा मॅनेजर, शिवाय साखर कारखान्याचा सूत्रधार. म्हणजे आमच्याच जातकुळीतला. रायसाहेबांना एकाच वेळी मुलीचं लग्न, सासुरवाडीच्या इस्टेटीचा खटला आणि निवडणूक अशी तीन कामं काढायची आहेत. एकाही कामाला शेती म्हणता येणार नाही. पैसा उभा राहतो आणि तिन्ही कामं फत्ते होतात. होरी मात्र तीन वर्षांचा खंड थकला म्हणून बेदखल व्हायच्या बेतात येतो. तेव्हा दोनशे रुपये घेऊन धाकट्या रूपाचं लग्न बापाच्या वयाच्या रामसेवकाशी लावावं लागतं. ते पैसे हातात घेताना त्याचा हात थरथरतो. तेही त्याच्या लेखी कर्जच, रामसेवकाला परत करायचं. त्यासाठी, आणि नातवाला दूध मिळावं म्हणून पुन्हा गाय घ्यायची हौस मनात, तो सडकेच्या मुरमाच्या खाणीवर जातो आणि लू लागून पडतो.

शेवटी गोदान करा म्हणतात. धनियाकडे सुतळी वळून मिळवलेले वीस आणे असतात, ते ती होरीच्या थंड हातावर ठेवते आणि समोर उभ्या दातादीनला सांगते, हेच यांचं गोदान. बहुतेक लोक इथे धर्माचा पोकळपणा वाचतात, तो आहेच. माझं लक्ष समोर कोण उभं आहे याकडे गेलं. शेवटची जमाही धनकोच्याच खात्यावर.

प्रशिक्षण केंद्रातल्या एका तुकडीत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, होरीचा अर्ज आला असता तर तुम्ही मंजूर केला असता?" वर्गाला सोपा वाटणारा हा प्रश्न फार अवघड आहे. होरीच्या जमिनीवर त्याची मालकी नाही, तो जमीनदाराचं कूळ. 1952 मध्ये उत्तर प्रदेशात जमीनदारी गेली, अशा कित्येकांची नावं कागदावर चढली. पण आजचा बटाईदार तिथेच उभा आहे. राबतो तो, खतौनीत नाव दुसऱ्याचं, आणि मालक लिहून द्यायला तयार नाही, कारण लिहून दिलं की जमीन जाईल ही भीती. अशांसाठी संयुक्त दायित्व गट काढायची सोय आहे. चार-दहा जणांनी एकमेकांना जामीन राहायचं. होरीच्या गटात हिरा आणि शोभा हे त्याचे भाऊच आले असते. हिरा विष घालून परागंदा, त्याचा हप्ता पुन्हा होरीनंच भरला असता; कादंबरीत तो हिराच्या बायकोचं शेत कसून देतोच की.

तेव्हा त्या मुलीला मी खरं सांगितलं. होरीला कागदोपत्री नाही म्हणाले असते. बचत गट असता तर धनियाला दिलं असतं, आणि परतफेडीचा घोर केला नसता. तिनं पहिल्याच हप्त्याला पासबुक टेबलावर आपटून विचारलं असतं, विम्याचे पैसे कुणाला विचारून कापले. आणि ते नीट समजावून सांगेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नसती.